शेंदराची पुडी

माळेवाडी
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

वर्षे,

खुशाली इचारत न्हाई. ती मला तुझ्या मायच्या मोबाईलवर दिसती, तू फोटो टाकतीस तवा. माझा नंबर तू बंद करून ठेवलास आन मायचा चालू ठेवलास. ठेव. नंबर बंद करता येतो, टपालवाला बंद करता येत न्हाई. शाळेत गुरुजींनी 'आहे' आन 'नाही' लिहायला शिकवलं व्हतं, पण मला आलाय राग, आन रागात मला माझी बोलीच सुचती. वाचायचं तर वाच, न्हाईतर चुलीत घाल. लिहिणार मी हायच.

पहिलं हे ऐक. मी दारू पीत न्हाई. कधी प्यायलो न्हाई. आता तुमी सगळ्यांनी मिळून मला दारुडा ठरवलंच हाय, तरी पिणार न्हाई.

नारायणगडावर रविराजचं जावळ काढलं त्या दिवशी काय झालं ते मी इसरलो न्हाई. तुझ्या सासरची समदी माणसं व्हती. मी ताटातला पेढा उचलला नातवाच्या तोंडात घालायला, आन हात असा थरथरला की पेढाबी पडला आन ताटबी. उचलाया वाकलो तर पोटात कळ आली, तिथंच पायरीवर ओकलो. तुझ्या सासऱ्यानं नाकाला उपरणं लावलं. लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं. हात कापतो, तोल जातो, ओकतो, म्हंजे प्यायलाच असंल!

जावयानं मला गाडीत घालून बीडला नेलं, त्याचं मी मानतो. प्रवीणराव माणूस चांगला हाय. डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला, कागद बगितला, आन मान वर न करता म्हणला, "लिव्हरवर चरबी चढलीय. किती वर्षं पिताय?" मी तुझ्याकडं बगितलं. म्हणलं, आता माझी लेक बोलंल. सांगंल की साहेब, माझा बाप मारुतीचा गुरव हाय, पिढीजात पूजा हाय आमची, ह्यो माणूस चहासुदिक अर्धा कप घेतो. तू चपलेकडं बगत बसलीस.

आन बाहेर आल्यावर काय म्हणलीस? "आबा, आता तरी खरं बोला. हे सुटत नाही तोवर रविराजच्या तोंडात तुमच्या हातचा घास नको."

ज्या हातानं तुला वाढवलं त्याच हाताचा घास नको. बरं.

देवाशी तुझं भांडण न्हाई, एवढं तरी शहाणपण ठेवलंस. मागच्या महिन्यात पाठवलेला शेंदूर पोराच्या कपाळावर दिसला फोटोत. ह्या पत्रासोबतबी पुडी ठेवलीय, शनिवारच्या पूजेतला शेंदूर हाय. दिठीचा टिळा लावत जा रोज. बाप वाईट असंल, मारुती वाईट न्हाई.

धोंडीराम


माळेवाडी
६ फेब्रुवारी २०२५

वर्षे,

अंबाजोगाईला गेलतो. कशाला गेलतो ते ऐकून तुझी माय आठ दिस हसत व्हती. म्हणलं, मोठा दवाखाना हाय, तिथून लिहून आणतो की हा माणूस दारू पीत न्हाई. सही-शिक्क्यानिशी आणतो आन चकलांब्याला येऊन तुझ्या सासऱ्याच्या वसरीवर चिकटवतो.

तिथला डॉक्टर म्हणला, "आजोबा, असं सर्टिफिकेट नसतं." म्हणलं, कावून नसतं? पितो म्हणून तोंडी सांगता तुमी बिनधास्त, मग पीत न्हाई म्हणून लेखी द्यायला काय जातं? आवाज चढला माझा. शिपाई आला. मी म्हणलं, हात लावून बघ.

तवा मागं एक पोरगी उभी व्हती, पांढरा कोट घालून. दीपमाला तिचं नाव. आपल्या शेजारचीच निघाली, घाटनांदूरची. ती डॉक्टर न्हाई. लिव्हरवर शिकती, पीएच.डी. म्हणत्यात ते. तिनं मला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं, आन माझ्या नखांकडं बगत बसली.

"आजोबा, नखात हे केशरी काय हाय?"

"शेंदूर. देवाचा."

"हात धुतला न्हाई का सकाळी?"

मी म्हणलं, पोरी, गुरवाच्या घरात जल्मली असतीस तर असं इचारलं नसतंस. देवाला शेंदूर लावलेला हात मोरीत धुवायचा न्हाई. देवाचा शेंदूर खरकट्या पाण्यात जाऊ द्यायचा न्हाई. आमच्या आज्यानं घालून दिलेलं हाय. हात आपल्या कपाळाला पुसायचा, दंडाला पुसायचा, आन त्याच हातानं नैवेद्य खायचा. तुला ठाऊकच हाय. तूबी माझ्या मांडीवर बसून त्याच हातचं खोबरं खाल्लंस, परकरात व्हतीस तवा.

तिनं मला तोंड उघडाया लावलं. हिरडी बगितली. म्हणली, "दाताच्या मुळाशी निळी रेघ हाय तुमच्या." मग पोट दुखतं का, साफ होतं का, हाताला मुंग्या येत्यात का, इसरायला होतं का, राग लई येतो का. म्हणलं, राग तर आत्ता आलाय. हसली. रक्त घेतलं. माझ्या खिशातल्या पुडीतला शेंदूर मागितला, चिमूटभर. म्हणलं, कशाला? म्हणली, "तपासते. शेंदरात शिसं असू शकतं, आजोबा."

शिसं! देवाच्या अंगावर शिसं! मी उठलो तिथून. म्हणलं, तू घाटनांदूरची, मारुतीच्या जत्रेला येणारी, तुझ्या जिभेला हाड कसं न्हाई? पण पुडी बाकावरच राहिली. मी माघारी आणाया गेलो न्हाई, एवढंच.

तुझ्यासाठी दुसरी पुडी ठेवलीय. ह्या वेळेला जरा जास्त हाय, देवस्थानच्या आप्पाराव मालकानं शेंदराचं नवं पोतं दिलंय देवाला. रविराजला दात येतायत म्हणं. हिरडीला चोळायचं झालं तर मधात घोळून चोळ थोडा, तुझ्या आजीनं तुला चोळला व्हता.

धोंडीराम


अंबाजोगाई
१९ फेब्रुवारी २०२५

वर्षे,

हे पत्र आधी वाच, मग भांड.

पुडी उघडू नको. उघडली असंल तर बांध, वर प्लास्टिकची पिशवी बांध, पोराच्या हाताला लागंल असं कुठंच ठेवू नको. हात साबणानं धू. पोराचं तोंड पूस, हात धू, अंगडं बदल, भुई ओल्या फडक्यानं पूस. झाडू नको, धूळ उडंल. हिरडीला चोळलं असशील तर आजच्या आज बंद. आन पोराचं रक्त तपासून घे. डॉक्टरला सांग, शिसं बगा. 'शिसं' हा शब्द सांग, न्हाईतर ते दुसरंच बगत बसत्यात.

ह्या लिफाफ्यात आज पुडी न्हाई. हलका लागला म्हणून तरी तू वाचशील, ही आशा.

तू म्हणशील, बाप पिऊन लिहितोय. दीपमालानं निरोप धाडला म्हणून आलो, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय, ती शेजारी उभी हाय, पत्ताबी तिनंच लिहिलाय, माझं अक्षर आज लई हलतंय.

माझ्या रक्तात शिसं निघालं. असावं त्याच्या कितीतरी पट. पुडीतबी निघालं, भरपूर. ती म्हणली सगळ्याच दुकानातल्या शेंदरात असंल असं तिला सांगता येत न्हाई, पण आपल्या देवाला लागतो त्यात हाय.

मी ऐकत नव्हतो तवा तिनं मला बारकं मोठं दाखवणाऱ्या तिच्या यंत्रापुढं बसवलं. दोन काचा व्हत्या. दोन्हीवर उंदराच्या लिव्हरचा पापुद्रा, नखापेक्षा पातळ. एक उंदीर साध्या पाण्यावर वाढलेला, दुसऱ्याच्या पाण्यात थोडं शिसं. एक लाल रंग असतो, तो फक्त चरबीलाच चिकटतो, दुसऱ्या कशाला न्हाई. पहिल्या काचेत कुठंकुठं एखादा लाल ठिपका. दुसरीत, वर्षे, प्रत्येक पेशीत लाल थेंब. गच्च. शनिवारी तेलात कालवून देवाच्या अंगावर चढवतो ना मी, तोच रंग. मी डोळा काढला आन परत लावला.

इचारलं, असं कसं होतं? ती म्हणली, लिव्हरच्या पेशीत चरबी बनतीबी, जळतीबी, आन उरलेली बाहेर धाडली जाती. शिसं आत घुसलं की बनायचं थांबत न्हाई, जळायचं मंदावतं, बाहेर जायचं अडतं. मला उमजलं. भंडाऱ्यात आचारी तळतच बसला आन वाढपी उठून गेले, तर परातीवर परात साचणारच की.

मी इचारलं, "ह्या दुसऱ्या उंदरानं दारू पिली व्हती का?"

ती म्हणली, "आजोबा, उंदीर दारू पीत न्हाई."

म्हणलं, "मग हेच लिहून दे मला!"

पण पोरगी इमानी हाय. म्हणली, "तुमच्या लिव्हरवरची चरबी शिशानंच आली, असं मी छातीठोक सांगणार न्हाई. उंदीर येगळा, माणूस येगळा. साखर असती, वजन असतं, वय असतं." म्हणलं, साखर न्हाई, तुमीच तपासली. वजन? अंगावर मूठभर मांस न्हाई. म्हणली, "म्हणून तर म्हणते, शिशानं असू शकतं. आन हात कापणं, पोटातली कळ, हिरडीची रेघ, ते शिशाचंच." बगितलंस का? जिला ठाऊक हाय ती 'असू शकतं' म्हणती. ज्याला ठाऊक न्हाई तो 'किती वर्षं पिताय' म्हणतो.

पण ते माझं माझ्यापाशी. पोराचं रक्त तपास. आजच.

आबा


माळेवाडी
२ मार्च २०२५

वर्षाराणी,

काल तुझ्या मायच्या मोबाईलवर फोटो आला. पोराच्या कपाळावर टिळा. हा एवढा, रुपयाएवढा.

म्हंजे तू पत्र वाचलं न्हाईस, आन माय फोनवर सांगाया लागली की माझं नाव निघताच फोन ठेवतीस. पुडी काढून घ्यायची आन कागद फेकायचा, हेच करत आलीस तू. मी तुला पानंच्या पानं लिहितो आन तू त्यातला शेंदूर तेवढा घेतीस! हलकं पत्र आलं तवा काय वाटलं तुला? बाप इसरला पुडी ठेवायला, नशेत असंल? मागची पुडी उरली व्हती, तीच लावलीस?

माझ्या तोंडाला शिव्या येतायत आन लेकीला देता येत न्हाईत. तुझी माय समोर बसून रडती. मी म्हणलं, रडू नको, लुगडं बदल. ती आज पहाटंच्या गाडीनं निघतीय. अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई, तिथून चकलांबा. कंबर धरलीय तिची, तरी निघतीय. मी आलो असतो. पण मी आलो तर तुझा सासरा दारातच म्हणंल, आला बगा पिऊन, आन मग पोराचं राहील बाजूला आन माझंच नाटक होऊन बसंल. म्हणून आलो न्हाई. भित न्हाई मी त्याला.

हे पत्र तुझ्या मायच्या हातात देतोय. ती तुझ्यापुढं उभी राहील आन तू वाचस्तोवर पाणी पिणार न्हाई, असं ठरवून निघालीय. भामाबाईचा हट्ट तुला ठाऊक हाय. तुझा हट्ट तिचाच हाय.

माझं काहीच खरं मानू नको. मला पाहिजे तर जल्मभर दारुडा म्हण. गावात भोंगा लावून म्हण. पण पोराला आज दवाखान्यात ने. दारुड्याचं एवढं ऐक.

आबा


माळेवाडी
२३ मार्च २०२५

वर्षे,

तू पोराला तपासून आणलंस, हे तुझ्या मायकडून कळलं. मला न्हाई कळवलंस, तिला कळवलंस. चालंल.

शिसं निघालं पोराच्या रक्तात. मायनं सांगितलं तवा मी देवळातच व्हतो. तिथूनच दीपमालाला फोन लावला, आकडा सांगितला. ती म्हणली, जास्त हाय पण लई वर न्हाई, औषध लागायचं न्हाई. यायचं बंद झालं की हळूहळू उतरंल. दूध दे, मेथी-पालक दे, लोहाचं औषध डॉक्टर देतील ते दे, पोट रिकामं ठेवू नको, आन परत तपास. तुझंबी तपास, ती म्हणली. माझ्या हातचं खोबरं खाऊन तू मोठी झालीस.

फोन ठेवला आन मी मारुतीपुढं जाऊन भांडलो. तुला सांगतो, आजवर त्याच्यापुढं कधी आवाज चढवला न्हाई. म्हणलं, मी तुझ्या शेंदराचा हात धुतला न्हाई जल्मात. तुझा कण मोरीत जाऊ दिला न्हाई, पोटात घातला. माझ्या पोटाचं काय करायचं ते कर, पण त्या लेकरानं काय केलतं तुझं? ओरडलो. बाहेर बाया उभ्या व्हत्या, पळाल्या. गावात झालं, धोंडीराम आता देवळातबी पिऊन येतो. म्हणा! आणखी म्हणा!

मग बगितलं त्याच्याकडं. त्याच्या अंगावर शेंदराची एवढी जाड खोळ चढलीय की नाक-डोळे कुठं राहिलेत? ती आमीच चढवली. त्यानं कधी मागितली व्हती? तेल आन रुईची माळ, एवढ्यावर त्याचं भागत आलंय कितीतरी गावांत.

मी ठरवलंय. ह्या हातानं आता शेंदूर लागणार न्हाई. खोळ खरवडणार न्हाई, दीपमाला म्हणली धूळ उडून आणखी वाईट. हाय ती राहू दे. पण वर थर न्हाई, टिळा न्हाई, लेकरांना पुडी न्हाई.

आप्पाराव मालकाला सांगितलं. तो देवस्थानाचा अध्यक्ष, शेंदराचं पोतं त्याचंच असतं दरसाल, नवस हाय त्यांच्या घरचा. ऊसतोडीला गेलेली माणसंबी आता परतायला लागलीत, म्हंजे यंदा जयंतीला गाव भरणार. मालक झोपाळ्यावर बसून म्हणला, "धोंड्या, आज्या-पणज्यापासून चाललंय, कोण मेलं बे?" म्हणलं, मालक, माझा आज्या हात कापत-कापत मेला. माझा बाप पोट धरून. आमी म्हणलो म्हातारपण. कुणी तपासलं व्हतं? तो म्हणला, "हनुमान जयंतीला शेंदूर लागला पाहिजे. न्हाई लावला तर पूजेची पाळी काढून घेतो. गुरव काय तूच एक हायेस का?"

म्हणलं, काढा.

तुझी माय म्हणती, पाळी गेली तर आपण कोण उरलो? खरं हाय तिचं. देऊळ सोडून मला दुसरं काहीच येत न्हाई. तरी लावणार न्हाई.

आणखी एक. मायनं लपवलं व्हतं पण मी काढून घेतलं तिच्याकडून. तू तिला म्हणलीस, "शिसं असेल गं आई, पण दारूही असेलच. लपून पीत असतील." पोराच्या रक्तातबी निघालं, आन तरी तू असं म्हणलीस. मग तुझं पोरगंबी लपून पितं का, वर्षे? दीड वर्षाचं लेकरू?

ह्याचं उत्तर दे मला. बाकी काही देऊ नको.

आबा


माळेवाडी
१३ एप्रिल २०२५

वर्षे,

काल हनुमान जयंती झाली. शनिवारच आला व्हता, गाव लोटलं व्हतं. तुला दुसरं कुणी सांगायच्या आत मीच सांगतो, कारण सांगणारा तिखट-मीठ लावून सांगंल.

पहाटं कीर्तन झालं, सूर्य वर आला, गुलाल-फुलं उधळली, पाळणा हलवला. मी देवाला तेलानं न्हाऊ घातलं, रुईची माळ घातली, आन हात मागं बांधून उभा राहिलो. आप्पाराव मालक परात घेऊन आला. शेंदूर तेलात कालवलेला, वर चांदीचं पान.

"लाव."

"न्हाई लावत मालक."

"कावून बे?"

"सांगितलं तुमाला. ह्यात शिसं हाय. माझ्या नातवाच्या अंगात गेलंय."

त्यानं लोकांकडं तोंड केलं. "बगा. पिऊन आलाय आजबी. हात बगा त्याचे."

आन खरंच कापत व्हते माझे हात, वर्षे. सगळं गाव माझ्या हातांकडं बगत व्हतं. गडावर मी ते लपवले व्हते उपरण्यात. काल लपवले न्हाईत. वर केले, सगळ्यांना दिसतील असे. म्हणलं, "बगा, नीट बगा! हे हात दारूनं कापत न्हाईत. तुमच्या देवाची सेवा करून कापतायत. जल्मभर हे धुतले न्हाईत म्हणून कापतायत. आन आता मी हे धुणार हाय."

देवळाच्या आवारात नळ हाय, तुला ठाऊक हाय, चाफ्याखाली. तिथं गेलो. खिशातून साबणाची वडी काढली, तुझ्या मायनं दिली व्हती. धोतर सावरून बसलो आन चारचौघांदेखत हात धुतले. कोपरापर्यंत. नखं घासली. केशरी पाणी वाहत गेलं गटारीत. एक म्हातारी किंचाळली, "आरं, देव गेला पाण्यात!" आज्या डोळ्यापुढं आला. तरी धुतले. परत साबण लावून धुतले.

माघारी आलो तर मालकानं स्वतःच परातीत हात घातले व्हते. लावला त्यानं शेंदूर, दोन्ही हातांनी, रागारागानं, देवाच्या डोळ्यातोंडावर. मग "बोला पवनसुत हनुमान की जय" झालं आन प्रसाद वाटायची येळ आली. मालकाची नात आरोही तिच्या आईच्या कडेवर व्हती, आपल्या रविराजएवढीच. पहिला पेढा घरच्या लेकराला, म्हणून मालकानं ताटातला पेढा उचलला. त्या पोरीनं चिमणीगत तोंड उघडलं.

मी साबणाची वडी पुढं केली.

म्हणलं, "मालक, माझं ऐकू नका. दारुड्याचं कोण ऐकतं? खुशाल भरवा तशाच हातानं."

पेढा मालकाच्या बोटात, बोटं लालभडक, पेढ्यालाबी लाल लागलेलं. त्यानं माझ्याकडं असं बगितलं की खाऊनच टाकंल. मी नजर काढली न्हाई. मग त्यानं पोरीकडं बगितलं. ती तोंड उघडून वाट बगत व्हती. तिची आई हळूच एक पाऊल मागं सरकली, सासऱ्यापुढं. त्या घरात असं कधी झालं नसंल.

मालकानं पेढा परातीत टाकला. माझ्या हातातली वडी घेतली न्हाई, हिसकली, आन नळाकडं गेला. लई येळ धूत व्हता.

माघारी आल्यावर सगळ्यांपुढं म्हणला, "उद्यापासून धोंड्यानं गाभाऱ्यात पाऊल टाकायचं न्हाई." म्हणलं, बरं. किल्ली काढून ओट्यावर ठेवली. हात कापत व्हता, पण ठेवली.

म्हंजे पाळी गेली. पिढ्यांची गेली, माझ्या हातानं गेली. रात्री तुझी माय आन मी जेवलो न्हाई. आज सकाळी उठलो आन सवयीनं देवळाच्या वाटंला लागलो, अर्ध्यात आठवलं. तरी गेलो. बाहेरच्या पायरीवर बसायला कुणाच्या बापाची परवानगी लागत न्हाई. बसलो. आन बगतो तर बाया लेकरांना घेऊन येतायत, दर्शन घेतायत, आन प्रसाद खायच्या आधी नळावर थांबतायत. माझी वडी तिथंच व्हती, पार झिजलेली. एकीनं माझ्याकडं बगितलं आन डोक्यावरचा पदर नीट केला, तेवढंच.

दीपमालाचा फोन आलता. माझ्या रक्तातलं थोडं उतरलंय. लिव्हरचं म्हणली लगेच सांगता येत न्हाई, पण हात धुतला तर त्याला सुधारायची सवड मिळती. मी तिला म्हणलं, पोरी, तुझ्या उंदरांना माझा रामराम सांग. बिचाऱ्यांना कुणी दारुडा तरी म्हणलं न्हाई.

आता तुझं. तुझं उत्तर आलं न्हाई. मी वाट बगितली, खोटं कशाला बोलू? पण आज मायच्या मोबाईलवर फोटो आला, रविराज उन्हात उभा हाय. कपाळ कोरं. कुठं टिळा न्हाई, कुठं डाग न्हाई. मी तो फोटो मोठा करून करून बगितला, जळला मेला मोबाईल गरम झाला.

त्याचा अर्थ तू पत्र वाचतीस, एवढा मी घेतला. त्याच्यापेक्षा जास्त घेत न्हाई.

मी माफी मागणार न्हाई. प्यायलोच न्हाई तर कशाची मागू? ठाऊक नसताना पाठवलेल्या पुड्यांची बोच मला मरस्तोवर राहील, ती माझी मी सोसंन. तूबी माफी मागू नको, मला नको हाय ती. मला एकच गोष्ट पाहिजे आन ती मी मागत न्हाई, हक्कानं सांगतोय. पोराला घेऊन ये. तुझ्या सासऱ्यालाबी आण, माझं तोंड हुंगू दे त्याला खुशाल. वरण-भात शिजवून ठेवतो, वर मायच्या हातचं तूप. मी भरवणार हाय. हात अजून कापतो, अर्धा घास सांडंल, पोरगं हसंल. हसू दे. हात धुऊन बसलोय मी, वर्षे.

तुझा आबा